लूचा दगड

आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "सुमाताई, अमेरिकेत काय काय पाहिलंत?" मी सांगते, एक दगड पाहिला. त्या हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करते आहे. थट्टा नाही. मी खरोखरच एका दगडावरून अमेरिकेत भांडून आले आहे, आणि परत येऊन इतके दिवस झाले तरी माझं डोकं निवलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी ज्याच्यापायी गेले त्याच्याविषयी सांगायला हवं. शेकडो वर्षांपूर्वी चीनमध्ये एक माणूस तालुक्याच्या धान्यकोठारावर अधिकारी होता. दुष्काळ पडला आणि वरून हुकूम आला की कोठाराची कुलपं उघडायची नाहीत. त्यानं किल्ल्या वरिष्ठांच्या पुढ्यात ठेवल्या, गाव सोडलं, एक ओढा ओलांडला आणि डोंगराच्या पायथ्याशी झोपडी बांधली. पुन्हा तो ओढ्याच्या अलीकडे आला नाही. तिथे बसून कविता लिहिल्या, त्याही नाव न घालता. लोक त्याला 'ओढ्यापलीकडचा म्हातारा' म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं.

बँकेतल्या नोकरीच्या काळात मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चिनी शिकले. का, ते मलाही सांगता येत नाही. काहीतरी अवघड करून बघायचं होतं. निवृत्त झाल्यावर या म्हाताऱ्याच्या कविता हाती लागल्या आणि त्या मराठीत आणण्यात माझी बारा वर्षं गेली. पुस्तक निघालं. ते किती जणांनी वाचलं हे विचारू नका.

हा म्हातारा एकटा नव्हता. त्याच्याबरोबर ओढा ओलांडून त्याची बायको गेली होती. तिचं नाव कुठेही नोंदलेलं नाही, फक्त माहेरचं आडनाव सापडतं: लू. म्हाताऱ्याच्या शेवटच्या कविता तिच्यावर आहेत, तिच्या मरणानंतरच्या हिवाळ्यातल्या. पुढे कुठल्याशा पंडिताने ठरवलं की खऱ्या विरक्ताला संसार कसा असेल, सबब या कविता मागाहून कुणीतरी घुसडलेल्या असणार. झालं. तेव्हापासून त्या कविता पुस्तकांच्या शेपटाला, बारीक टाइपात. इंग्रजी निवडींमध्ये तर बहुतेक नाहीतच. दोघंही निनावी आहेत. पण त्याच्या निनावी असण्याला लोक वैराग्य म्हणतात आणि तिच्या निनावी असण्याला काहीच म्हणत नाहीत.

बॉथेल

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमोल सिएटलजवळ बॉथेलला राहतो. तिथून दोनेक तासांवर एक चिनी बाग आहे. बागेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे दर शरदात या म्हाताऱ्याच्या नावाने कवितावाचन होतं आणि आसपास राहणारे लोक आपापल्या भाषेत त्याच्या कविता वाचतात. यंदा मराठीला पाच मिनिटं मिळाली होती. अमोलने फोनवर सांगितलं, "मावशी, तिकीट काढतो, तू येच." पाच मिनिटांसाठी एवढा प्रवास! पण गेले. विमानाचं काही सांगत नाही. सगळ्यांचं सारखंच असतं.

ऑक्टोबरातलं बॉथेल ओलंचिंब होतं. पाऊस आमच्यासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसता अंगावर बसून राहतो. रस्त्यांवर मेपलची लाल पानं चिकटलेली. छत्री कुणाकडेच नाही, सगळे टोपीची जॅकेटं घालून मुकाट चालतात. मी एकटीच छत्री घेऊन फिरायचे आणि गाडीतले लोक मला आदराने रस्ता द्यायचे.

अमोलच्या टेबलासमोर भिंतीवर म्हाताऱ्याची इंग्रजी ओळ फ्रेम करून लावलेली. अमोल वर्षातून एकदा मौनशिबिराला जातो. दहा दिवस बोलायचं नाही, फोन नाही, काही नाही.

"काय माणूस होता यार, मावशी," तो फ्रेमकडे बघून म्हणाला. "ना कोणी आगे, ना पीछे. नुसता तो आणि निसर्ग. इतकं सिंपल लाइफ!"

आत कुकरची शिट्टी झाली. त्याची बायको केतकी एका कानात हेडफोन लावून ऑफिसची मीटिंग ऐकत होती आणि एका हाताने फोडणी करत होती. आठ वर्षांची ईरा तिच्या ओढणीला लोंबकळत होती.

"आणि लू?" मी विचारलं.

"कोण लू?"

मी त्याला माझं पुस्तक दिलं होतं. पहिलं पान उघडून सही दाखवली होती. त्यापुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती.

"तुझ्या दहा दिवसांच्या मौनात ईराला शाळेत कोण सोडतं?" मी विचारलं.

"केतकी. शी इज सो सपोर्टिव्ह."

आतून केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. ती नागपूरची, शांत मुलगी. मी मूग गिळून बसले. पाहुणी होते ना.

बाग, पहिला दिवस

वाचनाच्या आदल्या दिवशी तालमीला बोलावलं होतं. चौघं निघालो. मधे एका विश्रांतीच्या थांब्यावर गाडीतच बसून केतकीने केलेल्या मेथीच्या पराठ्यांच्या गुंडाळ्या खाल्ल्या. काचेवर पाऊस, बाहेर उंचच उंच देवदारासारखी झाडं आणि आत लसणाच्या चटणीचा वास. तेवढं खरंच सुखाचं होतं.

बागही सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. वळणाचा पूल, तळ्यात शेंदरी मासे, वेळूचं बेट. बेटापलीकडे त्यांनी म्हाताऱ्याची झोपडी उभी केली आहे. ती बघायला माझे पाय आपोआप भरभर चालायला लागले. बारा वर्षं ज्या झोपडीत मनाने राहिले ती प्रत्यक्ष दिसणार होती.

झोपडीत एक चटई, एक वाडगा, एक पेला. मधोमध चकाकत्या लाकडी चौरंगावर एक राखाडी दगड, भोवती पांढरी वाळू आखून घेतलेली. समोर बसायला उशा. एक धिप्पाड गृहस्थ डोळे मिटून दगडासमोर बसले होते आणि त्यांच्या जॅकेटवरून पाणी ठिबकत होतं. बाजूला फलक: 'चिंतनशिळा. एकाकी कवी आयुष्यभर या शिळेकडे पाहत ध्यान करीत असे. आपणही बसा. मन रिकामं करा.' मजकूर अर्थात इंग्रजीत होता.

आधी मला हसू फुटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण तो दगड लोणच्याचा आहे!

माझं बालपण गुहागरचं. आमच्याकडे खारातल्या कैऱ्या घालायच्या तर चिनी मातीच्या मोठ्या बरणीत कैऱ्या, त्यावर मिठाचं पाणी, आणि कैऱ्या वर तरंगून नासू नयेत म्हणून सगळ्यावर एक दगड. आई तो दगड नदीवरून स्वतः निवडून आणायची. ठिसूळ चालत नाही, खरबरीत चालत नाही. घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून मग आत. दुसऱ्या कुणी आणलेला दगड ती वापरायची नाही. लू हेच करायची, मुळ्यांसाठी. त्या शेवटच्या कवितांमध्ये सगळं लिहिलेलं आहे. पण या बागेने ज्या इंग्रजी पुस्तकावरून झोपडी मांडली, त्यात त्यांतली एकच ओळ घेतली होती, अगदी शेवटची: 'आता मी त्याच्याकडे बघत बसतो.' मागचं सगळं छाटलं. बायको गेली, मुळे गेले, मीठ गेलं, आणि उरला एक माणूस दगडाकडे बघणारा. मग काय, लावा वाळू आणि मांडा उशा.

"आजी, व्हाय आर यू मॅड?" ईराने विचारलं. "इट्स जस्ट अ रॉक."

"तेच तर म्हणतेय मी!" मी ओरडले. धिप्पाड गृहस्थांनी एक डोळा उघडला.

वाचनाची व्यवस्था बघणाऱ्या बाई होत्या लिंडा. पिकलेले केस, गोड चेहरा, सतत हसू. मी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत त्यांना सगळं सांगितलं. लू, माठ, मुळे, दगड. त्यांनी मान हलवत हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, किती वेगळा दृष्टिकोन आहे तुमचा.

"दृष्टिकोन नाही हो," मी म्हटलं. "कवितेतच आहे. मी उद्या तीच वाचते."

त्यांचं हसू किंचित आखडलं. उद्याच्या कविता ठरल्या आहेत, म्हणाल्या. पत्रिका छापून झाली आहे. तुमच्या वाट्याला चंद्र आणि ओढ्याची आहे, लोकांच्या हातात तिचं इंग्रजी असेल. शिवाय लोक इथे शांततेसाठी येतात. मरणाबिरणाची कविता कशाला?

म्हणजे लोकांना शांत वाटावं म्हणून एका बाईला तिच्या घरातून काढायचं! मी हे बोलणार तोच अमोलने माझा दंड धरला.

"मावशी, प्लीज, सीन नको करूस ना. आपल्या मराठी मंडळाला कितीतरी ट्राय केल्यावर हा स्लॉट मिळालाय. पुढच्या वर्षी कॅन्सल केला तर?"

"आणि तिला इतकी वर्षं कॅन्सल केलंय ते?"

"मावशी, ती बाई जाऊन शेकडो वर्षं झाली!"

"तोही तेव्हाच गेलाय. त्याच्यासाठी बाग आहे."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. अमोलला हवं होतं ते मौन आयतंच मिळालं.

बॉथेलचं स्वयंपाकघर

घरी आल्यावर केतकी मसालेभाताच्या तयारीला लागली. दुसऱ्या दिवशी वाचनानंतर मंडळाच्या लोकांचं जेवण होतं आणि ते करण्याचं 'अमोलने' कबूल केलं होतं. मी तोंडली चिरायला बसले. रागात चिरल्यामुळे तुकडे जाड-बारीक होत होते.

"मावशी, काय आहे त्या बाकीच्या कवितेत?" केतकीने विचारलं. "तुम्ही तिथं सांगून राहिल्या होत्या, पण माझं अर्धं लक्ष ईराकडे होतं."

मी तिला म्हणून दाखवली. पाठच आहे.

लू ओढ्यावरून दगड निवडून आणायची.
फार गोल नको, फार जड नको.
घासायची, उन्हात ठेवायची,
मग मुळ्यांच्या माठात, सगळ्यांच्या वर.
मी म्हणायचो, एवढे दगड पडलेत, कुठलाही घे.
ती उत्तर द्यायची नाही.

या हिवाळ्यात रोज एक मुळा काढतो.
दगड रोज थोडा खाली जातो.
आज तळाला टेकला.
काढून बाहेर ठेवलाय.
आता मी त्याच्याकडे बघत बसतो.

केतकीच्या हातातला झारा तसाच राहिला. कांदे करपायला आले तेव्हा तिने गॅस बारीक केला.

"तिनं घातलेले मुळे तो ती गेल्यावर खाऊन राहिला," ती म्हणाली. "हिवाळाभर."

"हो."

"आणि हे लोक म्हणतात एकटा होता."

मला एकदम रडू आलं. बारा वर्षांत ही कविता मी कितीतरी जणांना ऐकवली होती. कुणी उपमांबद्दल बोललं, कुणी छंदाबद्दल. मुळे कुणी घातले होते हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. केतकीने पदराचं, म्हणजे ओढणीचं, टोक माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "तुम्ही वाचा उद्या. अमोल चिडला तर चिडू द्या."

बाग, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. बरीच माणसं जमली होती. एका चिनी आजोबांनी गाऊन वाचलं, ते फार सुरेख होतं. मग कोरियन, मग स्पॅनिश. प्रत्येक कवितेत चंद्र, धुकं, वेळू आणि एकटेपणा. निवड अशी होती की म्हातारा कधी जेवत होता की नाही असा प्रश्न पडावा.

माझं नाव पुकारलं. लिंडाबाईंनी हसून मान डोलावली. अमोल पहिल्या रांगेत फोन धरून व्हिडिओ काढत होता. मी माइकसमोर उभी राहिले आणि चंद्राऐवजी दगड वाचला.

मला कोण अडवणार? मराठी कुणाला कळत होतं? मागच्या दोन रांगांतली मंडळाची माणसं तेवढी एकमेकांकडे बघायला लागली. पुण्याच्या एक काकू डोळे टिपत होत्या. अमोलचा फोन हळूहळू खाली आला. बाकी सगळे हातातल्या कागदावरचा चंद्र वाचत शांतपणे ऐकत होते आणि संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या ऐकून मला स्वतःचाच संताप आला. काय केलं मी? ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना कळणार नाही अशा भाषेत शौर्य गाजवलं. लू पुन्हा चंद्राखाली दडपली गेली. माझं इंग्रजी व्याजदर समजावण्याइतकं आहे, कविता सांगण्याइतकं नाही. मी कागदाची घडी घालून खाली उतरायला लागले.

"एक्सक्यूज मी," मागून आवाज आला. केतकी उभी होती. तिच्या हातावर ईराचं जॅकेट, खांद्याला पाण्याची बाटली. "मावशींनी वाचली ती कविता तुमच्या कागदावरची नाही. मी सांगते काय वाचलं ते."

आणि तिने इंग्रजीत सांगितलं. ओळीमागून ओळ, काही न सजवता. दगड निवडणं, घासणं, उन्हात ठेवणं. रोज एक मुळा. दगड तळाला टेकणं. मग हात लांब करून झोपडीकडे दाखवलं आणि म्हणाली, "तो दगड हाच. तो लूचा आहे. तुम्ही त्याच्यासमोर बसून जे करता ना, तो माणूस ते करत नव्हता. तो बायकोची आठवण काढत होता."

गाऊन वाचणारे चिनी आजोबा उठले, केतकीकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि खाली बसले. लिंडाबाई उठून आमच्याकडे आल्या. चेहरा उतरला होता. "फलकाचं मी बघते," म्हणाल्या. "नक्की बघते."

मला वाटलं, जिंकलो.

जेवणं झाल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी आभार मानले. माझे मानले, बागेचे मानले, आणि "इतक्या जणांसाठी फर्स्टक्लास मसालेभात अरेंज केल्याबद्दल आपल्या अमोलचे". टाळ्या झाल्या. अमोल सवयीने उठून उभा राहिला. मग त्याची नजर केतकीकडे गेली. ती रिकामी पातेली एकात एक घालत होती. तो तसाच खाली बसला. परतताना मात्र पातेली त्याने उचलून गाडीत ठेवली. एवढ्याचं कौतुक मी करणार नाही.

घरी

परवा सकाळी चहा घेत होते तेव्हा केतकीने फोनवर फोटो पाठवला. ईराच्या शाळेची सहल त्या बागेत गेली होती आणि केतकी मुलांबरोबर गेली होती. झोपडीतली वाळू काढली आहे. उशा काढल्या आहेत. दगडाशेजारी एक मातीचा माठ ठेवला आहे. मला केवढा आनंद झाला! मग फोटो मोठा करून नवा फलक वाचला.

'लोणच्याचा दगड. एकाकी कवी पूर्णपणे स्वावलंबी होता. आपल्या भाज्या तो स्वतःच खारवत असे. हा दगड त्याने ओढ्यावरून स्वतः निवडून आणला.'

चहा तिथेच निवला. आता बघा! दगड लोणच्याचा आहे हे मान्य. माठ मान्य, मीठ मान्य, ओढा मान्य. इतकंच काय, निवडून आणणंही मान्य. फक्त ती बाई नको. तिचा दगडसुद्धा काढून त्याच्या हातात दिला. आधी निदान तिच्याबद्दल माहीत नव्हतं अशी सबब तरी होती. आता तीही नाही. भर मांडवात, माइकशिवाय, खणखणीत आवाजात केतकीने त्यांना तिचं आडनाव सांगितलं होतं.

मी केतकीला लांबलचक मेसेज लिहायला घेतला. तिखट शब्द सुचत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. माझा मेसेज पुरा व्हायच्या आधीच तिचा आला.

"मावशी, उद्या सुट्टी टाकली आहे. अमोल ईराचं आणि जेवणाचं बघेल, त्याला सांगून झालं. मी बागेत चालले. नवीन फलक काय लावायचा ते मीच लिहून नेते. लूचं नाव चिनी अक्षरात कसं लिहायचं तेवढं पाठवा, मोठं लिहून पाठवा."

मी लिहिलेला सगळा मेसेज पुसला. टेबलाच्या खणातून जाड ब्रश काढला, कोऱ्या कागदावर लूचं नाव पानभर लिहिलं आणि फोटो काढून पाठवला.